बेल्जियम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीबीएसईच्या दहावीच्या राज्यशास्त्रात पहिल्याच धड्यात बेल्जियम येतो. शेजारी श्रीलंका असते. एका देशाने भाषेचा वाद वाटाघाटींनी सोडवला, दुसऱ्याने बहुसंख्याकांच्या जोरावर रेटला, असा त्या धड्याचा सूर. मुलं तो पाठ करतात, परीक्षा देतात आणि बेल्जियम तिथेच राहतो. पुढे कोणी लूव्हेनला शिकायला जातं, कोणाचा भाऊ अँटवर्पच्या हिरेबाजारात नोकरीला लागतो, आणि मग खरे प्रश्न सुरू होतात. तिथे सहा संसदा कशाला? दीड-दीड वर्ष सरकार बनत नाही म्हणजे काय? राजधानी नक्की कोणाची?

भाषेवरून शंभर वर्षं कडाक्याने भांडूनही जवळजवळ रक्त न सांडणारा हा देश आहे. मराठी माणसाने त्याच्याकडे बारकाईने पाहावं, असं मला मनापासून वाटतं. त्याने मोजलेली किंमतही त्यात आली.

बेल्जियम केवढा आहे आणि दिसतो कसा?

क्षेत्रफळ सुमारे ३०,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा जेमतेम दहावा हिस्सा. लोकसंख्या १ कोटी १८ लाखांच्या आसपास. दर चौरस किलोमीटरला ३८५ माणसं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची घनता ३६५ होती, तेव्हा गर्दीचा अंदाज यावा. उत्तरेला नेदरलँड्स, पूर्वेला जर्मनी आणि लक्झेंबर्ग, दक्षिणेला फ्रान्स. वायव्येला उत्तर समुद्राचा किनारा आहे, पण तो सुमारे ६७ किलोमीटरच. आपल्या एकट्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचा किनारा त्याहून लांब आहे. त्या संपूर्ण किनाऱ्याला धरून एक ट्रॅम धावते आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला अडीच तासांच्या आत पोचवते.

उत्तरेचा फ्लँडर्स सपाट आहे. समुद्राकडून मिळवलेली जमीन, कालवे, गेंट आणि ब्रुजसारखी मध्ययुगीन व्यापारी शहरं. मध्यभागी सुपीक मातीचं पठार. त्याच्या दक्षिणेला सांब्र आणि म्यूझ या नद्यांचं खोरं, जिथे कोळसा सापडला आणि शार्लरुआ, लिएज ही कारखान्यांची शहरं उभी राहिली. आग्नेयेला आर्देनचे जंगलाचे डोंगर. सर्वात उंच जागा बोत्रांज, ६९४ मीटर. १९२३ मध्ये तिथे सहा मीटरचा मातीचा उंचवटा रचून वर पायऱ्या बांधल्या, म्हणजे चढणाऱ्याला सातशे मीटर गाठल्याचं समाधान मिळावं.

भूगोलातली सर्वात महत्त्वाची गोष्ट मात्र नकाशावर ना नदी म्हणून दिसते, ना डोंगर म्हणून. देशाच्या मधोमध पूर्व-पश्चिम अशी भाषेची रेघ जाते. वर डच, खाली फ्रेंच. थोड्याफार फरकाने ही रेघ हजार वर्षांहून जुनी आहे.

हा देश जन्माला आला तरी कसा?

हा प्रदेश अनेक मालकांच्या हातून गेला. बर्गंडीचे ड्यूक, स्पेनचे हॅब्सबर्ग, १७१४ नंतर ऑस्ट्रियाचे हॅब्सबर्ग, १७९५ पासून फ्रान्स. १८ जून १८१५ रोजी नेपोलियनचा शेवटचा पराभव झाला तो ब्रुसेल्सच्या दक्षिणेला वॉटर्लूला. विजेत्या राष्ट्रांनी फ्रान्सला अडसर म्हणून हा भाग नेदरलँड्सच्या राजाला जोडून दिला. डच राजा प्रॉटेस्टंट, दक्षिणेची प्रजा कॅथलिक. कारभारात उत्तरेचं वजन जास्त. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे दक्षिणेतले कॅथलिक आणि उदारमतवादी या एका मुद्द्यावर एकत्र आले.

२५ ऑगस्ट १८३० च्या रात्री ब्रुसेल्समध्ये एका ऑपेराचा प्रयोग संपल्यावर दंगल उसळली आणि तिचा उठाव झाला. ४ ऑक्टोबरला स्वातंत्र्य जाहीर झालं. नव्या देशाला राजा हवा होता, तो एका जर्मन राजघराण्यातला निवडला. पहिल्या लिओपोल्डने २१ जुलै १८३१ रोजी शपथ घेतली आणि तोच आजचा राष्ट्रीय दिन आहे. १८३९ च्या लंडन तहात मोठ्या सत्तांनी बेल्जियमच्या तटस्थतेची हमी दिली. १९१४ मध्ये जर्मनीने ती मोडली आणि ब्रिटन युद्धात उतरलं.

ब्रुसेल्स ते मेखेलन ही युरोपच्या मुख्य भूमीवरची पहिली प्रवासी वाफेची रेल्वे १८३५ मध्ये धावली. नवा देश उद्योगात कुठल्या कुठे पोचला होता, याचा हा पुरावा.

मग भाषेचं भांडण कशावरून पेटलं?

राज्यघटनेने कोणतीही भाषा वापरायला मोकळीक दिली होती. व्यवहारात मात्र न्यायालय, सैन्य, विद्यापीठ, मंत्रालय, सगळं फ्रेंचमध्ये चाले. फ्लँडर्समधले जमीनदार आणि वकीलसुद्धा घरी फ्रेंच बोलत. म्हणजे वाद दोन प्रदेशांचा होता तसाच फ्लँडर्समध्ये वरच्या आणि खालच्या माणसांचाही होता. बहुसंख्य शेतकरी आणि विणकर डचच्या फ्लेमिश बोली बोलत आणि न्यायालयात आपल्यावर काय आरोप आहे हे त्यांना कळत नसे. त्यात १८४० च्या दशकात बटाट्यावर रोग पडला, घरगुती विणकाम बुडालं आणि फ्लँडर्स उपाशी राहिला. कोळसा आणि पोलाद दक्षिणेच्या वॉलोनियात होतं. फ्लेमिश माणूस पोटासाठी तिकडे जाऊ लागला.

हक्क मिळाले ते अगदी संथपणे. १८९८ मध्ये कायद्यांचा डच मजकूर फ्रेंचइतकाच अधिकृत ठरला. गेंटचं विद्यापीठ डच माध्यमाचं व्हायला १९३० उजाडलं, म्हणजे देश जन्मल्याला शंभर वर्षं झाली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर पारडं फिरलं. वॉलोनियाच्या खाणी एकेक करत बंद पडल्या, शेवटची १९८४ मध्ये. फ्लँडर्सकडे बंदरं होती आणि नवा परदेशी पैसाही तिकडेच गेला. संख्या आधीपासूनच त्यांची जास्त होती. आज फ्लँडर्समधल्या अनेकांची तक्रार असते की आमच्या करातून दक्षिण पोसली जाते. वॉलोनियातले लोक उलट विचारतात की आमच्या कोळशावर देश उभा राहिला तेव्हा हिशेब कोणी मांडला होता? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे.

तिथे जनगणनेत भाषा विचारत नाहीत, हे खरं का?

खरं आहे. हा देश समजून घ्यायला एकच गोष्ट सांगायची झाली, तर मी ही सांगेन.

१९३२ च्या कायद्याप्रमाणे दर दहा वर्षांच्या गणनेवर गावाची भाषा ठरत असे. अल्पसंख्याक भाषिक तीस टक्क्यांवर गेले की त्यांना त्यांच्या भाषेत सेवा द्यायची, आणि बहुसंख्या उलटली की कारभाराची भाषाच बदलायची. परिणाम असा झाला की गणना म्हणजे आपोआप निवडणूक झाली. ब्रुसेल्सच्या आसपासची फ्लेमिश गावं एकेक करून फ्रेंचकडे सरकू लागली, कारण प्रतिष्ठा आणि नोकरी फ्रेंचमध्ये होती आणि माणसं आपली भाषाही तीच सांगत. १९४७ च्या गणनेचे भाषिक आकडे इतके स्फोटक होते की ते १९५४ पर्यंत बाहेर काढले नाहीत. ते निघाले तेव्हा आणखी तीन गावं ब्रुसेल्सच्या द्वैभाषिक क्षेत्रात गेली. पुढच्या गणनेच्या वेळी फ्लेमिश महापौरांनी भाषेचा प्रश्न असलेले अर्ज वाटायलाच नकार दिला.

१९६१ मध्ये कायदा करून तो प्रश्न काढून टाकला. पाठोपाठ १९६२-६३ मध्ये भाषेची सीमारेषा कायद्याने कायमची आखली. काही गावं इकडची तिकडे गेली. त्यानंतर लोक कितीही स्थलांतर करोत, रेघ हलत नाही.

म्हणून ‘५९ टक्के डच, ४० टक्के फ्रेंच, १ टक्का जर्मन’ हे धड्यातले आकडे अंदाज आहेत. ते मुख्यतः कोण कुठे राहतं यावरून काढलेले आहेत. अधिकृत मोजणी १९४७ नंतर झालेलीच नाही.

बेळगावच्या सीमाप्रश्नाशी याची तुलना होते का?

काही बाबतींत होते. महाराष्ट्राची भूमिका चार तत्त्वांवर उभी आहे: खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा. बेल्जियममध्येही १९६१ पर्यंत खेडं आणि बहुसंख्या याच मापाने रेघ सरकत होती. मोजण्यामुळे तंटा वाढतो हे पाहून त्यांनी मोजणंच थांबवलं. ज्या गावांत दुसऱ्या भाषेचे लोक मोठ्या संख्येने अडकले, तिथे त्यांना खास सवलती दिल्या. नगरपालिकेची कागदपत्रं आपल्या भाषेत मागता येतात, प्राथमिक शाळा मिळू शकते. अशी सवलतीची गावं २७ आहेत आणि त्यांतली सहा ब्रुसेल्सला लागून आहेत.

यानेही सगळे सुखी झाले असं नाही. वूरेन नावाचा सहा खेड्यांचा, सुमारे चार हजार वस्तीचा तुकडा १९६३ मध्ये लिएज प्रांतातून काढून फ्लेमिश लिंबर्गला जोडला. तिथल्या बहुतेकांना ते नको होतं. पुढे फ्रेंच भाषिकांचा नेता जोसे हापार तिथला महापौर झाला. आपल्याला डच येतं हे दाखवायला त्याने नकार दिला आणि या वादात १९८७ मध्ये देशाचं सरकार पडलं. चार हजार माणसांच्या गावासाठी केंद्र सरकार कोसळू शकतं, इतकं तिथे सीमाभागातल्या माणसाला वजन आहे. आपल्याकडच्या सीमावासीयांना हे कधीच मिळालेलं नाही, आणि मला तो मोठा फरक वाटतो. त्याचं कारण संसदेच्या रचनेत आहे. तिथे दोन्ही भाषागटांच्या हातात एकमेकांना रोखण्याचं साधन आहे. आपल्याकडे दोन राज्यांतल्या तंट्याबाबत तसं काही नाही.

लूव्हेनचं विद्यापीठ खरंच दोन तुकड्यांत फोडलं?

हो. लूव्हेन फ्लँडर्समध्ये येतं. पण १४२५ मध्ये स्थापन झालेल्या त्या कॅथलिक विद्यापीठात फ्रेंच विभागही होता. सीमारेषा पक्की झाल्यावर तो तिथे नको, अशी मागणी सुरू झाली. १९६८ च्या सुरुवातीला विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि फेब्रुवारीत सरकार पडलं. शेवटी फ्रेंच विभागासाठी रेघेच्या पलीकडे लुव्हें-ला-नव्ह हे नवं गावच वसवलं. ग्रंथालयातली पुस्तकंही वाटून घेतली. हेच ग्रंथालय १९१४ मध्ये जर्मन सैन्याने जाळलं होतं, १९४० मध्ये ते पुन्हा जळालं आणि दोन्ही वेळा उभं केलं गेलं. त्याचे दोन भाग करायचं काम मात्र त्याच देशाच्या माणसांनी केलं. या इतिहासातला मला सर्वात दुखरा वाटणारा प्रसंग हाच.

‘प्रदेश’ आणि ‘समुदाय’ यांत फरक काय? सहा संसदा कशा?

१९७० पासून टप्प्याटप्प्याने घटना बदलत गेली आणि १९९३ मध्ये बेल्जियम संघराज्य झालं. सत्ता दोन निरनिराळ्या तऱ्हांनी वाटली. जमिनीशी जोडलेले विषय, म्हणजे अर्थव्यवहार, वाहतूक, शेती, पर्यावरण, घरबांधणी, हे प्रदेशांकडे गेले. प्रदेश तीन: फ्लँडर्स, वॉलोनिया आणि ब्रुसेल्स राजधानी क्षेत्र. माणसाच्या भाषेशी जोडलेले विषय, म्हणजे शिक्षण, संस्कृती आणि आरोग्याचा काही भाग, हे समुदायांकडे गेले. समुदायही तीन: डच, फ्रेंच आणि जर्मन भाषिकांचे.

फ्लेमिश लोकांनी आपला प्रदेश आणि समुदाय यांची एकच संसद केली. बाकीच्यांनी वेगळ्या ठेवल्या. केंद्राची धरून बेरीज सहा होते.

जर्मन भाषिक समुदाय पूर्वेकडच्या नऊ गावांचा आणि ८० हजारांहून थोड्या कमी वस्तीचा. हा भाग पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीकडून मिळालेला. इतक्या थोड्या लोकांनाही स्वतःची संसद, स्वतःचं सरकार आणि ऑइपेन ही स्वतःची राजधानी आहे. खर्चिक म्हणणारे म्हणोत. युरोपात इतका मान मिळालेले भाषिक अल्पसंख्याक फार थोडे आहेत.

सरकार बनायला इतका वेळ का लागतो?

कारण देशव्यापी पक्षच जवळजवळ नाहीत. ख्रिश्चन डेमोक्रॅट १९६८ मध्ये भाषेवर फुटले, मग लिबरल, १९७८ मध्ये समाजवादी. डाव्या मजूर पक्षाचा अपवाद सोडला तर प्रत्येक पक्ष एकाच भाषेचा. गेंटचा मतदार वॉलोनियातल्या पक्षाला मत देऊच शकत नाही, आणि उलटंही तसंच. लोकप्रतिनिधी सभागृहात १५० जागा. मंत्रिमंडळात पंतप्रधान सोडून डच आणि फ्रेंच भाषिक मंत्री समसमान असावे लागतात. घटनेचे महत्त्वाचे कायदे बदलायला दोन तृतीयांश मतं तर हवीतच, शिवाय प्रत्येक भाषागटात वेगळं बहुमत हवं. एखादा प्रस्ताव आपल्या मुळावर येतो असं एका भाषागटातल्या तीन चतुर्थांश खासदारांनी लिहून दिलं, तर तो तीस दिवस थांबतो.

जून २०१० च्या निवडणुकीनंतर ५४१ दिवसांनी, डिसेंबर २०११ मध्ये एलिओ दि रूपो पंतप्रधान झाले. मे २०१९ नंतर पुन्हा सव्वा वर्षाहून जास्त गेलं. ९ जून २०२४ ची निवडणूक झाली आणि सरकार आलं ३ फेब्रुवारी २०२५ ला. आताचे पंतप्रधान बार्ट दे वेव्हर हे फ्लेमिश राष्ट्रवादी एन-व्हीए पक्षाचे. स्वतंत्र फ्लँडर्स हे ज्या पक्षाच्या घटनेत पहिलंच उद्दिष्ट आहे, त्याचा नेता आज संपूर्ण बेल्जियमचं पाच पक्षांचं सरकार चालवतो.

मधल्या काळात देश बंद पडत नाही. जुनं मंत्रिमंडळ काळजीवाहू म्हणून चालू कारभार पाहतं, शाळा-दवाखाने प्रदेश आणि समुदायांकडे असतात. २०१० च्या उत्तरार्धात काळजीवाहू सरकार असतानाच बेल्जियमने युरोपीय संघाच्या परिषदेचं अध्यक्षपद सांभाळलं. तोटा वेगळ्याच ठिकाणी होतो: निवृत्तिवेतन, कर, ऊर्जा असे कठीण निर्णय वर्षानुवर्षं पुढे ढकलले जातात. सार्वजनिक कर्ज देशाच्या वार्षिक उत्पन्नापेक्षा जास्त झालं आहे. २००३ मध्ये अणुवीज बंद करायचा कायदा केला, तारखा पुढे पुढे नेल्या आणि २०२५ मध्ये कायदाच मागे घेतला.

मतदान सक्तीचं आहे?

हो, १८९३ पासून. केंद्राच्या निवडणुकीत नव्वद टक्क्यांच्या आसपास लोक मत देतात. फ्लँडर्सने स्थानिक निवडणुकांपुरती सक्ती काढली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथलं मतदान लगेच घसरलं. स्त्रियांना संसदेच्या निवडणुकीत पुरुषांबरोबरीचा मताधिकार १९४८ मध्ये मिळाला.

राजाला काही अधिकार आहेत का?

स्वतःच्या मर्जीने वापरता येतील असे फार कमी. पण सरकार जुळवताना कोणत्या नेत्याला बोलवायचं, कोणाला मध्यस्थ नेमायचं, हे राजा ठरवतो आणि एवढ्या पक्षांत त्याला महत्त्व येतं.

राजघराण्यानेही देश दुभंगलेला पाहिला आहे. तिसरा लिओपोल्ड १९४० मध्ये जर्मनांना शरण गेला. मंत्रिमंडळ लंडनला गेलं, तो मागे राहिला. युद्धानंतर त्याने परत यावं का, यावर मार्च १९५० मध्ये जनमत घेतलं. देशात सुमारे ५८ टक्के हो म्हणाले, पण फ्लँडर्समध्ये ७२ टक्के आणि वॉलोनियात अवघे ४२. तो परतला तेव्हा वॉलोनियात संप पेटला आणि लिएजजवळ पोलिसांच्या गोळ्यांनी माणसं मेली. अखेर त्याने मुलगा बोदुआँसाठी गादी सोडली. त्यानंतर राजाच्या प्रश्नावरून असं रक्त पुन्हा सांडलं नाही, आणि राजकारण्यांनी तो धडा लक्षात ठेवला असं मी मानतो.

बोदुआँ श्रद्धाळू कॅथलिक. १९९० मध्ये गर्भपाताच्या कायद्यावर सही करणं त्याच्या सदसद्विवेकाला पटेना. सरकारने त्याला दीड-दोन दिवसांपुरता राज्य करण्यास असमर्थ ठरवलं, मंत्र्यांनी सह्या केल्या आणि संसदेने त्याला परत गादीवर बसवलं. आता फिलिप राजा आहे. १९९१ मध्ये वारसाहक्कातला मुलगा-मुलगी भेद काढल्यामुळे त्याची थोरली मुलगी एलिझाबेथ पुढे राज्यावर येईल, आणि बेल्जियमची ती पहिली राज्यकर्ती राणी असेल.

ब्रुसेल्स कोणाचं?

भूगोल म्हणाल तर फ्लँडर्सच्या पोटात. बोली म्हणाल तर आता मुख्यतः फ्रेंच, जरी दोन शतकांपूर्वी बहुतेक ब्रुसेल्सकर डचची बोली बोलत होते. कायदा म्हणाल तर दोन्हींचं. १९ नगरपालिका, सुमारे १६२ चौरस किलोमीटर, साडेबारा लाख वस्ती. प्रदेशाच्या संसदेत ८९ जागांपैकी ७२ फ्रेंच आणि १७ डच भाषिकांसाठी ठरलेल्या, म्हणजे डच अल्पसंख्याकांना संख्येपेक्षा जास्त. केंद्राच्या मंत्रिमंडळात फ्रेंच भाषिकांना समान जागा मिळाल्या, त्याच्या बदल्यातला हा तोल आहे. फ्लेमिश संसदही ब्रुसेल्सलाच भरते. वॉलोनियाने आपली राजधानी नामूरला नेली.

त्यावर युरोपीय संघाचा आयोग आणि परिषद इथे आहेत. फ्रान्स नाटोच्या लष्करी रचनेतून बाहेर पडल्यावर १९६७ मध्ये नाटोचं मुख्यालयही पॅरिसहून इथे आलं. आज ब्रुसेल्सच्या जवळपास तीन चतुर्थांश रहिवाशांची मुळं परदेशात आहेत. अरबी, तुर्की, रोमानियन, पोर्तुगीज, लिंगाला अशा भाषा कानावर पडतात आणि इंग्रजी मधल्या पुलाचं काम करते. ‘डच की फ्रेंच’ ही जुनी चौकट या शहराला आता पुरत नाही, आणि कायदा अजून तिच्यातच अडकलेला आहे.

ही परदेशी मुळं कुठून आली?

कोळशापासून सुरुवात. युद्धानंतर बेल्जियमला खाणीत उतरायला माणसं मिळेनात, तेव्हा १९४६ मध्ये इटलीशी करार झाला: तुम्ही मजूर द्या, आम्ही कोळसा देऊ. ८ ऑगस्ट १९५६ रोजी शार्लरुआजवळ मार्सिनेलच्या खाणीत आग लागली आणि २६२ माणसं गेली. त्यांत १३६ इटालियन होते. इटलीने मजूर पाठवणं थांबवलं. मग १९६४ मध्ये मोरोक्को आणि तुर्कस्तानशी करार झाले. वर उल्लेख आलेले एलिओ दि रूपो हे इटलीतून आलेल्या अशाच एका गरीब मजुराचे पुत्र. खाणमजुरांच्या पिढीतून पंतप्रधान व्हावा, याचं मला खरंच कौतुक वाटतं. मोरोक्कन आणि तुर्की मुळांच्या तरुणांना नोकरीत मात्र अजूनही तितकी सहज वाट मिळत नाही.

काँगोबद्दल धड्यात काहीच कसं नाही?

असायला हवं होतं. दुसऱ्या लिओपोल्डने १८८५ मध्ये मध्य आफ्रिकेतला स्वतःच्या देशाच्या सत्तर-ऐंशी पट मोठा प्रदेश वैयक्तिक मालमत्ता म्हणून मिळवला. तो स्वतः तिथे एकदाही गेला नाही. हस्तिदंत आणि पुढे रबर यांसाठी गावांवर वसुली बसवली. रबर कमी पडलं की बायका-मुलं ओलीस, फटके, जाळपोळ. झाडलेल्या गोळीचा हिशेब म्हणून शिपायांनी तोडलेले हात आणून दाखवायचे. लाखो माणसं हिंसेने, उपासमारीने आणि रोगाने मेली. ब्रिटिश राजनैतिक अधिकारी रॉजर केसमेंटचा अहवाल १९०४ मध्ये आला, पत्रकार ई. डी. मोरेलने लेखणी चालवली, जगभर ओरड झाली. १९०८ मध्ये बेल्जियमच्या संसदेने काँगो राजाकडून काढून देशाच्या ताब्यात घेतला. हिरोशिमावर पडलेल्या बाँबमधलं बरंचसं युरेनियम काँगोच्या शिंकोलोब्वे खाणीतलं होतं.

३० जून १९६० ला काँगो स्वतंत्र झाला, पुरेशी तयारी न करून देता. पहिले पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांना १७ जानेवारी १९६१ रोजी ठार मारलं, प्रेतसुद्धा नष्ट केलं. बेल्जियमच्या संसदीय चौकशीने २००१-०२ मध्ये देशाची नैतिक जबाबदारी मान्य केली. २०२० मध्ये राजा फिलिपने खेद व्यक्त केला, माफीचा शब्द टाळून. एका बेल्जियन पोलिसाने लुमुंबांचा दात जपून ठेवला होता, तो २०२२ मध्ये कुटुंबाला परत दिला. एवढंच शिल्लक होतं.

आपसांत भाषेसाठी इतका न्याय शोधणाऱ्या देशाने दुसऱ्यांशी हे केलं. या देशाबद्दल चांगलं लिहिणाऱ्याने हे वगळू नये.

भारताशी काही जुना संबंध?

हो, पहिला संबंध पश्चिम फ्लँडर्समधल्या ईप्र या गावाशी. पहिल्या महायुद्धात ऑक्टोबर १९१४ मध्ये भारतीय पलटणी तिथल्या आघाडीवर उतरल्या, युरोपचा हिवाळा कधी न पाहिलेली माणसं. ३१ ऑक्टोबरला होलबेकजवळ १२९ व्या बलुची पलटणीचे खुदादाद खान आपल्या तुकडीतले सगळे पडल्यावरही मशीनगन चालवत राहिले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले ते भारतीय सैन्यातले पहिले शिपाई. २२ एप्रिल १९१५ ला जर्मनांनी इथे क्लोरीन वायू सोडला आणि काही दिवसांतच लाहोर डिव्हिजन त्याच रणात उतरली. नाकातोंडाला ओली फडकी बांधून माणसं लढली. ज्यांचं थडगंही नाही अशा ५४ हजारांहून जास्त सैनिकांची नावं ईप्रच्या मेनिन दरवाजावर कोरली आहेत. त्यांत भारतीय आहेत. रोज संध्याकाळी आठला वाहतूक थांबवून बिगूल वाजतं. ब्रुसेल्सहून तिथे जायला रेल्वेने पावणेदोन-दोन तास लागतात. बेल्जियमला जाणाऱ्या भारतीयाने चॉकलेटच्या दुकानाआधी इथे जावं.

दुसरा संबंध हिऱ्यांचा. अँटवर्पचा व्यापार पूर्वी मुख्यतः ज्यू कुटुंबांच्या हातात होता. १९६०-७० च्या दशकांत पालनपूरचे जैन व्यापारी आले. त्यांनी बारीक हिरे सुरत-नवसारीला पैलू पाडायला पाठवायला सुरुवात केली आणि बाजाराचा मोठा वाटा मिळवला. त्यांची मुंबईची टोकं आधी ऑपेरा हाउसच्या पंचरत्न इमारतीत होती, २०१० पासून वांद्रे-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्समध्ये. अँटवर्पच्या विल्राइक उपनगरात त्यांचं संगमरवरी जैन मंदिर आहे. दुबई वाढल्यापासून अँटवर्पचा बाजार आक्रसतो आहे, आणि अनेक पेढ्यांची नवी पिढी तिकडे निघाली आहे.

बेल्जियम फुटेल का?

नजीकच्या काळात मला तसं वाटत नाही. फ्लँडर्स वेगळा झाला तर ब्रुसेल्स त्याच्यासोबत जाणार नाही, आणि ब्रुसेल्स सोडून जायला फ्लँडर्स तयार नाही. वाटणीत कर्जाचं काय करायचं यालाही कोणाकडे उत्तर नाही. २०२४ मध्ये फ्लँडर्समध्ये पहिल्या दोन क्रमांकांवर आलेले दोन्ही पक्ष स्वातंत्र्यवादी आहेत, हेही खरं. पण त्यांना मत देणारे बरेचसे स्थलांतर आणि कर या कारणांनी देतात. वाद होतो तो पुढच्या वाटणीवर: आणखी किती अधिकार खाली द्यायचे आणि सामाजिक सुरक्षेचा निधी एकच ठेवायचा का.

शिकायला किंवा नोकरीला जायचं आहे. कोणती भाषा शिकावी?

वर्गात इंग्रजी चालून जाईल. लूव्हेन आणि गेंटला इंग्रजी माध्यमाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम भरपूर आहेत. पण नगरपालिकेत नोंदणी, भाडेकरार, कराची पत्रं, हे सगळं त्या प्रदेशाच्या भाषेत येतं. फ्लँडर्समध्ये राहणार असाल तर डच शिका, वॉलोनियात फ्रेंच. ब्रुसेल्समध्ये फ्रेंचने दैनंदिन काम होतं, मात्र चांगल्या नोकरीसाठी दोन्ही मागतात. फ्लँडर्समध्ये अनोळखी माणसाशी फ्रेंचमध्ये सुरुवात करू नका. इंग्रजी बोललात तर कोणी वाईट मानत नाही.

रेल्वेत एक लक्षात ठेवा. गाडी रेघ ओलांडते तशी घोषणांची आणि पाट्यांची भाषा बदलते आणि शहराचं नावही. लिएजला जायचं असेल तर लूव्हेनच्या फलाटावर ‘लाइक’ शोधा. मॉन्सची पाटी फ्लँडर्समध्ये ‘बेर्गन’ अशी असते आणि फ्रान्समधलं लील तिथे ‘रेइसल’ होतं. तिकीट काढण्याआधी दोन्ही नावं लिहून ठेवलेली बरी.